रीसेल फ्लॅट घेताना वकील स्वतःचा असावा का? आणि तो पुण्यातलाच असावा का?

नवखा_कर्वेनगर
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय.

कर्वेनगरात एक रीसेल टू बीएचके पसंत पडलाय. इमारत १९८९ ची, सोसायटी रजिस्टर्ड, आत्ताचे मालक तिसरे. ८२ लाखांवर बोलणी आली आहेत. इसार अजून दिलेला नाही. कर्ज सरकारी बँकेचं घेणार.

घोडं अडलंय वकिलावर. एजंट म्हणतो, "आपला वकील आहे, सर्च (जुन्या नोंदींचा शोध), ड्राफ्टिंग, रजिस्ट्रेशन सगळं १५ हजारांत. दोन्ही पार्ट्यांचं तोच बघतो." सासरे म्हणतात, बँकेचा वकील सर्च करणारच आहे, मग वेगळे पैसे कशाला घालवता? आणि आतेभाऊ मुंबईत फोर्टमधल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये आहे. तो म्हणतो, कागद मेल कर, मी फुकट बघून देतो. पण तो आयुष्यात पुण्याच्या रजिस्ट्रार ऑफिसची पायरी चढलेला नाही.

तुम्ही काय केलंत? वकील निवडताना त्याला विचारायचं तरी काय?

चकलीवाला
"दोन्ही पार्ट्यांचं तोच बघतो." त्याच्याही आधी एजंटचं बघतो. व्यवहार फिसकटला तर एजंटची दोन्हीकडची दलाली जाते, आणि पुढच्या महिन्याची कामं त्या वकिलाला एजंटच देणार असतो. आता तुम्हीच सांगा, टायटलमध्ये खोट निघाली तर तो कोणाला आधी फोन करेल?

रेवा_क
चकलीवाला +१.
अवांतर: १९८९ च्या इमारतीला ८२? लिफ्ट आहे का? पार्किंग कव्हर्ड आहे का?

नवखा_कर्वेनगर
@रेवा_क, लिफ्ट आहे, पार्किंग कॉमन. भाव जास्त वाटतोय हे बायकोही म्हणते. पण त्यावर वेगळा धागा काढेन, इथे वकिलावरच राहू या प्लीज.

जुनंखोड
माझं मत वेगळं आहे. मी १९९८ साली सदाशिव पेठेत आणि नंतर सिंहगड रोडला जागा घेतली, दोन्ही वेळा वकील लावला नाही. आता तर नोंदणी विभागाच्या साइटवर घरबसल्या ई-सर्च होतो. गाव, वर्ष, मिळकत क्रमांक टाका, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) समोर. सातबारा आणि मिळकत पत्रिका ऑनलाइन. शिकलेल्या माणसाने रविवारची सकाळ घालवली तर वकिलाच्या फीमध्ये चांगला फ्रिज येईल. लोक उगाच घाबरवतात. साठेखताचा मसुदा ठरीव असतो, नावं आणि चतुःसीमा बदलायच्या.

काळाकोट
जुनंखोड साहेब, आपल्याशी वाद घालायची माझी टाप नाही, पण इथे घालतो. (पेशाने वकील आहे, पुण्यातच, त्यामुळे हितसंबंध आधीच जाहीर करतो.)

ई-सर्च जरूर करा. मी स्वतः माझ्या अशिलांना सांगतो की आधी तुम्ही बघा. पण त्यात काय दिसत नाही ते ऐका. संगणकीकरणाच्या आधीचे इंडेक्स म्हणजे हाताने लिहिलेली पुस्तकं. १९८९ च्या इमारतीची सुरुवातीची वर्षं त्या पुस्तकांत आहेत. कित्येक सर्च रिपोर्टमध्ये तुम्हाला "सन अमुक, पाने फाटलेली" असा शेरा दिसेल. तो शेरा प्रामाणिक वकील लिहितो, बाकीचे "नोंद नाही" म्हणून मोकळे होतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरं, हवेली तालुक्यात (पुणे शहर त्यातच येतं) दुय्यम निबंधकांची कार्यालयं पुष्कळ आहेत आणि शहरातला दस्त त्यांतल्या कुठल्याही कार्यालयात नोंदवता येतो. कर्वेनगरचा फ्लॅट आहे म्हणून जवळच्या एका ऑफिसातली पुस्तकं चाळली, एवढ्याने भागत नाही.

तिसरं कर्ज. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना रजिस्ट्रारकडे देणं २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीचा बोजा इंडेक्समध्ये सापडेलच असं नाही. म्हणून मूळ दस्त डोळ्यांनी बघायचे, झेरॉक्स नाही. सोसायटीच्या दप्तरात बँकेचं पत्र आहे का ते बघायचं, सरसाईवरही (गहाण मिळकतींची केंद्रीय नोंदवही) तपासायचं.

आणि चौथं, वारस. मेलेल्या माणसाच्या मुली इंडेक्स टूमध्ये दिसत नाहीत.

चकलीवाला
शेवटचं वाक्य वाचून चहा थांबवला.

रेवा_क
@काळाकोट, मग बँकेच्या वकिलाचं काय? आम्ही घेतला तेव्हा बँकेने आमच्याकडूनच लीगलचे पैसे कापले होते, पण रिपोर्ट मागितला तर "इंटर्नल आहे" म्हणाले.

काळाकोट
कारण तो रिपोर्ट बँकेला उद्देशून असतो. बँकेचा प्रश्न एवढाच: आपलं कर्ज बुडालं तर हा फ्लॅट विकून वसूल होईल का? तुमचा प्रश्न त्याहून मोठा आहे. सोसायटीने कुठली थकबाकी दाखवली आहे, गच्ची किंवा पार्किंगचा वाद आहे का, ताबा कधी मिळणार, विकणाऱ्याने शब्द फिरवला तर इसाराचं काय, सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालंय का? यातलं बरंचसं बँकेच्या वकिलाने बघितलं तरी तो तुम्हाला सांगायला बांधील नाही. बँकेच्या पॅनेलवरचे वकील वाईट असतात असं अजिबात नाही, मीही एका पॅनेलवर आहे. पण त्या टोपीखाली मी तुमचा वकील नसतो.

थेम्सकाठी
इंग्लंडमधून लिहितोय. इकडे सॉलिसिटर किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर लावल्याशिवाय घराचं पान हलत नाही. ऑफर मान्य झाली की इस्टेट एजंटचा पहिला प्रश्न, "तुमचा सॉलिसिटर कोण?" आणि दुसऱ्या श्वासात, "नसेल तर आमच्याकडे आहे." त्या शिफारशीमागे एजंटला रेफरल फी मिळते, फक्त इथे ती सांगावी लागते.

लोकल हवा की नको यावर इथेही रणं माजतात. स्वस्त ऑनलाइन कंपन्या आहेत. फोन केला की दर वेळी नवा माणूस, फाइल कोणाकडे आहे ते त्यालाच ठाऊक नसतं. आम्ही गावातलीच एक छोटी फर्म धरली. थोडे पैसे जास्त गेले, पण ज्या बाईंनी फाइल उघडली त्यांनीच बंद केली. आणि आमच्या गल्लीला पुराचा त्रास आहे हे त्यांना रिपोर्ट यायच्या आधीच माहीत होतं.

एक फरक मात्र मोठा. इथे लँड रजिस्ट्रीत नाव लागलं की त्या मालकीच्या पाठीशी सरकार उभं असतं. तिकडे तसं आहे का?

काळाकोट
नाही. आपल्याकडे दस्त नोंदला जातो, मालकीची हमी मिळत नाही. दुय्यम निबंधक स्टॅम्प, ओळख, सह्या बघतो. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता की नाही हे ठरवणं त्याचं काम नव्हे. म्हणूनच तीस वर्षं मागे जाऊन मालकीची साखळी तपासायची पद्धत पडली. रजिस्ट्रेशन झालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं ही समजूत लई महागात पडते, असं आमचे कोल्हापूरचे सीनियर म्हणायचे.

नळस्टॉप
कुलमुखत्यारपत्रावरची खरेदी हा अजून एक प्रकार. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच (सूरज लॅम्प) स्पष्ट केलंय की नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. तरी अजून "पॉवरवर घेतलाय, काही प्रॉब्लेम येत नाही" म्हणणारे भेटतात. नवखा, तुमच्या साखळीत तसा दुवा नाही ना?

नवखा_कर्वेनगर
नाही, सगळे दस्त रजिस्टर्ड आहेत असं एजंट म्हणतो. मूळ कागद मालकांकडे आहेत, मी फक्त झेरॉक्स बघितल्यात.

मांडवीतीर
गोव्यातून. "लोकल का?" याचं उत्तर आमच्याकडे या, लगेच मिळेल. इथे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते. कागदावर नाव एकाचंच असलं तरी विकताना दोघांची सही लागते. वारसाची वाटणी इन्व्हेंटरी प्रोसीडिंगने होते. जुने दस्त पोर्तुगीजमध्ये. त्यात कोमुनिदादच्या (गावसमूहाच्या) जमिनी, मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचे) हक्क. माझ्या एका मित्राने म्हापशाजवळ जागा घेताना पुण्याहून वकील आणला. हुशार माणूस होता, पण नमुना १ व १४ वर (आमचा सातबारा) नाव आहे एवढ्यावर खूश झाला. विकणाऱ्याच्या बायकोची सही हवी हे त्याला नोटरीच्या कारकुनाने सांगितलं!

चकलीवाला
म्हणजे गोव्यात बायकोला न सांगता घर विकता येत नाही? प्रगत राज्य आहे.

रेवा_क
इकडे बायकोला सांगितलंत तर फायदा आहे. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. पुण्यात सातऐवजी सहा. ८२ लाखांवर ८२ हजार वाचले. पूर्वी १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली.

जुनंखोड
आणि वकिलाची फी वाचवायची नाही म्हणता! ८२ हजारांत पाच वकील येतील.

चकलीवाला
पाच वकील एका फ्लॅटवर बसवले तर ताबा त्यांचाच.

नवखा_कर्वेनगर
बायकोने हा धागा वाचला. आता फ्लॅट तिच्या नावावर होणार हे नक्की, बाकी सगळं अनिश्चित.

वाकडकर_मूळ_सांगली
थोडा थंड पाण्याचा शिडकावा करतो. लोकल वकील म्हणजे उत्तम असं सरसकट धरू नका. आम्ही हिंजवडीकडे बंगल्यासाठी प्लॉट बघत होतो. त्या गावातला नामांकित वकील धरला. सातबारा, फेरफार सगळं तोंडपाठ, तलाठ्याशी अरे-तुरे. पण इतका लोकल की विकणाऱ्या कुटुंबाचं वाटपपत्र त्यानेच केलेलं. जमीन भोगवटादार वर्ग २ आहे, विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ही गोष्ट त्याने आम्हाला "ते होऊन जाईल" या तीन शब्दांत सांगितली. आम्ही तालुक्याच्या गावचा, ओळखपाळख नसलेला दुसरा वकील केला. त्याने सातबारा हातात घेऊन पहिल्या मिनिटात त्या वर्ग २ वर पेन्सिलने गोल केला आणि म्हणाला, "परवानगीचा आदेश आधी, इसार नंतर." आदेश काही आला नाही, आम्ही मागे फिरलो.

म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या इमारतीचं, या बिल्डरचं किंवा या विकणाऱ्याचं काम तुम्ही आधी केलंय का?

काळाकोट
अगदी योग्य प्रश्न, आणि तो विचारला म्हणून रागावणारा वकील सोडून द्यावा.

अजून काही, जमेल तसं लिहितो. सनद बघायला मागितली तरी चालते, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचा नंबर असतो. सर्च रिपोर्ट तुमच्या नावे लिहून हवा, तोंडी "क्लिअर आहे" नको. त्याला सर्चच्या सरकारी फीचं चलन जोडलेलं असतं, ते कुठल्या तारखेचं आणि किती वर्षांचं आहे ते वाचा. मी असे रिपोर्ट बघितलेत ज्यांत चलन दुसऱ्याच गट नंबरचं होतं. सर्च स्वतः करणार की मुलगा पाठवणार हेही विचारा. मुलगा पाठवला तरी हरकत नाही, सही करणाऱ्याने इंडेक्स बघितलेत का हा मुद्दा.

वृत्तपत्रात जाहीर नोटीस देणार का, कुठल्या पेपरात? नोटीस अशा पेपरात दिली जो छापला जातो पण वाचला जात नाही, तर ती कशासाठी?

फीबद्दल: आधी लेखी ठरवा, सर्च वेगळा, साठेखत आणि खरेदीखताचं ड्राफ्टिंग वेगळं, रजिस्ट्रेशनला हजर राहणं वेगळं. आणि हो, मी इथे कोणाचं नाव सुचवणार नाही, माझं तर नाहीच. वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे.

आतेभावाबद्दल: मुंबईचे सॉलिसिटर बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देऊन होतात, ती सोपी नाही. त्याला मसुदा जरूर वाचायला द्या. साखळी तपासायला मात्र इथला माणूस हवा.

नळस्टॉप
एक भर. पुण्यात इमारतीच्या नावात "अपार्टमेंट" असलं की ती सोसायटी की १९७० च्या कायद्याखालची अपार्टमेंट असोसिएशन हे आधी बघा. असोसिएशन असेल तर शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट लागतं. आमच्या शेजारच्या इमारतीत बिल्डरने निम्म्या लोकांना ते करूनच दिलेलं नाही, सगळे बिचारे साठेखतावर राहतायत.

थेम्सकाठी
वाचतोय. इकडे कागद सहसा लवकर मिळतात आणि उत्तरं उशिरा, तिकडे उलटं दिसतंय.

नवखा_कर्वेनगर
मंडळी, अपडेट. जरा लांबलं, माफ करा.

एजंटच्या वकिलाला नम्र नकार दिला. ऑफिसातल्या दोघांनी सुचवलेले वकील भेटलो. पहिल्यांनी कागद न बघताच "टायटल क्लिअर करून देतो" म्हटलं. ते "करून देतो" काही पचलं नाही. दुसऱ्या बाई, वारजे-कर्वेनगर भागातच राहतात. वाकडकरांचा प्रश्न विचारला, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "या इमारतीचं नाही, बिल्डरच्या दुसऱ्या इमारतीचं केलंय, त्याच्या विरुद्ध बाजूने." १२ हजारांत सर्च आणि अभिप्राय ठरला.

आता गंमत. आत्ताच्या मालकांनी २००९ मध्ये घर घेतलं ते एका विधवा बाईंकडून. मूळ मालक, म्हणजे त्यांचे यजमान, २००६ मध्ये गेले. बाई नॉमिनी होत्या, सोसायटीने शेअर त्यांच्या नावे केला, त्यांनी आणि मुलाने सही करून फ्लॅट विकला. मालक ठासून सांगत होते, "मला तेव्हा बँकेने कर्ज दिलं, बँकेच्या वकिलाने पास केलं, आता कसली शंका?"

वकीलबाई स्वतः सोसायटीच्या ऑफिसात गेल्या. सेक्रेटरी काकांनी गोदरेजच्या कपाटातून फाइल काढली. त्यात शेअर नावावर करताना बाईंनी दिलेला इंडेम्निटी बाँड (नुकसानभरपाईची हमी) निघाला, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर. वारसांची नावं तीन. पत्नी, मुलगा, आणि "विवाहित मुलगी". दस्तावर सह्या दोन.

रेवा_क
बाप रे.

चकलीवाला
काळाकोट, तुमचं ते चौथं वाक्य!

जुनंखोड
पण २००९ ला विकलंय. इतकी वर्षं ती मुलगी काही बोलली नाही, मुदत संपली असणार. उगाच बागुलबुवा.

काळाकोट
मुदतीचा मुद्दा मांडता येईल, कदाचित टिकेलही. पण साहेब, नवखा राहायला घर घेतायत, कोर्टात जिंकायला नाही. नॉमिनी म्हणजे सोसायटीपुरता माणूस. वडील मृत्युपत्र न करता गेले तर मुलगी पहिल्या वर्गातली वारस, लग्न झालं तरी. पुढे नवखांकडून घेणाऱ्याचा वकील हाच बाँड काढून बसेल आणि भाव पाडेल.

उपाय अवघड नाही. ताईंनी या खरेदीखतात मान्यता देणार म्हणून सही करावी, किंवा आधी आत्ताच्या मालकांच्या लाभात वेगळा दस्त करून द्यावा. मिळकत पुण्यातली, त्यामुळे दस्त पुण्यातच नोंदवावा लागेल. त्या बाहेरगावी असतील तर तिथल्या निबंधकासमोर मुखत्यारपत्र करून पाठवू शकतात. तोवर इसार देऊ नका. द्यायचाच झाला तर पावतीत लिहून घ्या की ही सही न मिळाल्यास रक्कम परत.

नवखा_कर्वेनगर
वकीलबाईंनीही असंच सांगितलं. ताई इंदूरला असतात. आत्ताच्या मालकांनीच फोन केला. ताई भल्या निघाल्या, म्हणाल्या, आईने भावाने विकलं तेव्हा मला कोणी विचारलंच नव्हतं, विचारलं असतं तर तेव्हाही सही केली असती. पैसे मागितले नाहीत. फक्त मसुदा स्वतःच्या वकिलाला दाखवून मग सही करणार म्हणाल्या.

वाकडकर_मूळ_सांगली
शहाणी बाई. फी किती घेतो विचारा तिचा वकील.

नळस्टॉप
नवखा, एक टक्का टीडीएस विसरू नका. ५० लाख किंवा वर असल्यामुळे तो तुम्ही कापून भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर हिशोब पूर्ण वेगळा आणि दर बराच जास्त, तेव्हा मालकांचा रहिवास विचारून घ्या.

नवखा_कर्वेनगर
मालक पुण्याचेच, विचारलंय. एजंट मात्र आता फोन उचलत नाही, सोसायटी ट्रान्सफर प्रीमियम ५० हजार लागेल म्हणून सांगत होता.

काळाकोट
२५ हजारांच्या वर घेता येत नाही. पावती मागा, आकडा आपोआप खाली येतो.

खराडी_इच्छुक
छान धागा. मी पण खराडीत रीसेल बघतोय, २००५ ची इमारत. नवखा, त्या वकीलबाईंचं नाव मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

रेवा_क
मलाही.

जुनंखोड
मलाही करा. मुलासाठी हवंय.

काळाकोट
खराडी_इच्छुक, त्या कर्वेनगरच्या, तुमची इमारत खराडीची. आधी सोसायटी आहे की अपार्टमेंट ते बघून इथे लिहा, आणि जमिनीचा सातबारा टाका, नावं झाकून.